दुसऱ्या ओळीची जागा

आदिलाबादच्या बसस्टँडात तामसीची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक तरुण गुरुजी आणि त्यांच्या गावच्या द्वारकाबाई बोलत बसले होते.

"मावशी, शाळेच्या भिंतीवर आमी समदे मिळून एक हस्तलिखित लावून राह्यलो. गाणं कसं सुचते, चित्र कसं निघते, हे ज्याचं त्यानं सांगायचं. तुमी सांगा, मी लिहतो."

"मले एकटीले कुठं सुचे, गुर्जी? कापूस येचताना एक ओळ मी म्हनो, बाजूच्या तासातून, कपाशीच्या रांगेतून, ताराबाई दुसरी जोडे."

"आन आता?"

"आता ताराबाई लेकापाशी बोथ गावाले राह्यते."

"मंग दुसरी ओळ तुमीच जोडा."

"जोडून पाह्यली. आपणच हाक मारा आन आपणच ओ द्या, असं वाटते."

"बरं, पह्यली त सांगा."

"लिहा. 'बोंडाची नखी बोटाले रुतली, दाखवू कोनाले बाई.' आन खाली जागा सोडा."

"अर्धं गाणं कसं लावू? पोरं हासतीन."

"हासू द्या. पन त्या जागेत दुसऱ्या कोनाले लिहू देऊ नका."

"ताराबाईले वाचता येते?"

"नाही. तिची सून वाचते. इथल्या बाजाराले दोघी संगंच येतात."

"पन आमच्या शाळेत त्या कायले येतीन, मावशी?"

"म्हनून त म्हनते, शाळेत नका लावू. इथं लावा, या खांबाले. बोथची गाडी बी इथंच लागते."