शैलाचा पेपर आणि माझ्या दोन पिशव्या

मी मूळचा गिरणाऱ्याचा. घरी टमाटे, मिरची, थोडी शेवंती, सगळं नाशिकच्या बाजारात जायचं. सातवीत शाळा सुटली आणि अंबडच्या कारखान्यात लेथवर लागलो, तो रिटायर होईपर्यंत टर्नरच. आता काय सांगू तुम्हाला, असल्या माणसाला पीएचडीवाली बायको कशी, तर लग्नात शैला बारावी होती, सासऱ्यांनी एकच अट घातली, पोरीला शिकू द्यायचं, मी म्हणलं शिकू द्या, मला काय, डबा मी माझा भरून घेईन. ती शिकत गेली ती थांबलीच नाय. झाडाच्या आत बारीक काय लिहिलेलं असतं ते वाचायचं, असलं तिचं काम. मॉलिक्युलर बायोलॉजी. हा शब्द नीट म्हणायला मला दोन वर्षं लागली. तिला जाऊन सात महिने झाले.

कॉलेजच्या लॅबमध्ये ती टमाट्याच्या बोकड्यावर काम करायची, पानं आकसून गोळा होतात तो रोग. आमच्या एका गावठी वाणावर तो येत नव्हता, हायब्रीडवर यायचा, का येत नाय ते तिला शोधायचं होतं. शेतातून पानं आणायचं काम माझं. बर्फाच्या डब्यात पिशव्या, प्रत्येकीला चिठ्ठी, लुनावर डबा बांधायचा आणि लॅबला टाकून दुपारच्या शिफ्टला पळायचं. एक दिवस बर्फ वितळला, दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्या धुऊन निघाल्या. पानं सगळी कोवळी, एकसारखी. मागं जायला वेळ नव्हता. अंदाजानं लिहिलं, ही गावठी, ही हायब्रीड. कारखान्यात दोन लॉटचे जॉब, म्हणजे कातलेले भाग, मिसळले तर अख्खा माल बाजूला काढायचा, हे मला झोपेत विचारा. पण घरच्या कामाला तो नियम लावला नाय, आणि बोललो पण नाय.

त्याच पानांवरनं तिचा सगळ्यात मोठा पेपर, म्हणजे संशोधनाचा लेख, छापून आला, गावठीवर बोकड्या का येत नाय त्याचा. दुसरा कुणी लिहिताना म्हणतो की या बाईंनी असं दाखवलंय आणि खाली हिचं नाव टाकतो, त्याला सायटेशन म्हणतात. सकाळी चहा झाला की ती कॉम्प्युटर उघडून बघायची. मी विचारायचो, काय, आले का पाहुणे. ती म्हणायची, आज ब्राझीलचे आलेत, पोहे टाका.

मग बाहेरच्या देशातनं पत्र आलं, तुमचा प्रयोग आमच्याकडे करून बघितला, तर तुम्ही सांगता त्याच्या अर्धंच निघतं. तिनं सगळ्या वह्या काढल्या, वर्षभर चाळल्या, त्यातच पोटाचं दुखणं निघालं, तरी अंथरुणावर वह्या. मला भीती नाय, लाज वाटत होती. शेवटी एका सकाळी सांगून टाकलं. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, वर्षभर मी माझ्या हातात चूक शोधत होते आणि तुम्ही शेजारी बसून शेंगा सोलत होता.

तिसऱ्या दिवशी तिनं तिची विद्यार्थीण बोलावली, स्वाती. पेपर छापला होता तिथं पत्र पाठवायचं होतं, की दोन नमुन्यांची खात्री नाय, त्यांच्यामुळंच निकाल साफ दिसला, तो अर्धाच धरा. स्वाती म्हणाली, मॅडम, राहू द्या ना, शेकडो लोकांनी घेतलाय तो पेपर. शैला म्हणाली, म्हणूनच लिही. खाली लिहायला लावलं, चूक माझी. मी म्हणलं, तुझी कशी, माझी हाय. तर म्हणते, पेपरवर नाव कुणाचं आहे? चिठ्ठ्या तपासून घ्यायचं काम माझं होतं. आणि तुमचं नाव घातलं तर लोक म्हणतील, बाईनं नवऱ्यावर ढकललं. हसली जराशी. पत्र छापून आलं तेव्हा ती नव्हती.

स्वाती अधनंमधनं येते, पोरगी चांगली हाय, देव तिचं भलं करो. मी विचारतो, पाहुणे येतात का. ती खोटं बोलत नाय. म्हणते, काका, कमी झालेत. काही जण आता त्या पत्राचंच नाव घेतात, मॅडमनी स्वतःहून सांगितलं म्हणून. पण कमी झालेत. ते माझ्यामुळं. रोज जेवतो, झोपतो, पण ते हाय.

म्हणून तुम्हाला हे लिहून घ्यायला बसवलं. तिनं तिच्या कागदात माझं नाव घातलं नाय, तुम्ही तुमच्या कागदात घाला. पुंडलिक, अंबडला टर्नर होता, चिठ्ठ्या त्यानं अंदाजानं लिहिल्या, शैलानं नाय. एवढं नीट लिहा, आणि एकदा वाचून दाखवा मला.