झाकणावर ‘मृत’ लिहिलेली प्लेट

आदरणीय अध्यक्ष महाशय, फुलांआड दिसेनासे झालेले प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे विभागप्रमुख सर, आणि चहाची वेळ उलटूनही जागा न सोडलेल्या सहकाऱ्यांनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. पाच पुरतील.

आधीच्या वक्त्यांनी सरांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्षही म्हटलं. मी जिवाणूंची बाई, माझी उपमा लहान. जिवाणूला ना नाक, ना डोळे. त्याच्या टोकाला ग्राही प्रथिनांचा झुबका असतो. त्यांना अन्नाचे कण जास्त चिकटू लागले की आत निरोप जातो, ‘बरं चाललंय, सरळ जा.’ शेपट्यांची जुडी होऊन फिरते. कण घटले की जुडी सुटते, जिवाणू गटांगळी खातो आणि नवी दिशा धरतो. मघापेक्षा आता बरं की वाईट, एवढीच त्याची आठवण. तेवढ्यावर तो दर दोन-चार सेकंदांनी स्वतःला तपासतो. सर, तुम्ही अठ्ठावीस वर्षं सरळच पोहलात.

आणखी एक. भोवती कायम गोडच असलं की ग्राही सरावतो, त्याला त्याचं काही वाटेनासं होतं. आमच्या सरांना मात्र स्तुती अजून पहिल्या दिवसाइतकीच गोड लागते. निसर्गातला हा अपवाद नोंदवून ठेवते.

ज्या शोधनिबंधासाठी आज हा गुच्छ आहे, त्याची गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? आमच्याकडे जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटा धुणाऱ्या मावशी एकदा एक प्लेट घेऊन आल्या. एरवी जिवाणू मधलं अन्न संपवत बाहेर सरकतात, कडं उमटतं. इथे मधोमध नुसता ठिपका. सरांनी झाकणावर लाल शाईने लिहिलं, ‘मृत’.

मावशी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “साहेब, मेले नाहीत हो. बाईंनी दुर्बिणीतून दाखवले मला. चांगले वळवळतायत. सर्दी झाल्यासारखं झालंय त्यांना, वासच येत नाहीये.”

“मावशी, तुम्ही भांडी धुवा. शास्त्र आमच्याकडे राहू द्या.”

मावशींनी सगळं धुतलं, ती प्लेट सोडून. शीतकपाटात मागे सारून ठेवली. तीन आठवड्यांनी सरच विचारत आले, “ती प्लेट कुठंय हो?” तपासली, तर त्या जिवाणूंत एक ग्राहीच नव्हता. अगदी सर्दी! निबंधात छापून आलं, ‘आमच्या लक्षात आले.’ आमच्या म्हणजे कोणाच्या? त्यात दुसरं नाव माझं आहे. मी तेव्हा गप्प बसले, तेही इथेच सांगते.

भेटवस्तू म्हणून मी एक कागद आणलाय. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र. त्यात मावशींचं पूर्ण नाव आहे. सरांनी ते कधी विचारलं नाही. मलाही हजेरीपट उघडावा लागला, ही माझी लाज. माझी सही झाली आहे. सर पाच वाजेपर्यंत विभागप्रमुख आहेत आणि आत्ता साडेचार झालेत. पेनाचं टोपण मी काढून ठेवलंय. मावशी मागे दाराशी उभ्या आहेत. सर, एकदा वळून बघा, जिवाणूलाही जमतं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. मावशींचं नाव मात्र आता पोटात घालू नका.