उद्यापासून खिडकी क्रमांक एक

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी. आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या चौकशी खिडकीच्या ताई. आणि जमलेल्या सर्व सहकाऱ्यांनो, नमस्कार.

आधी एक विनंती. तो डावीकडचा पंखा कटकट करतोय, कुणीतरी बंद करा. तोवर मला पुढचं वाक्य सुचणार नाही... आभारी आहे. आणि मी बोलताना डुलते, तिकडे लक्ष देऊ नका.

अठरा वर्षं मी या रुग्णालयात ताईंच्या शेजारच्या खिडकीत बसले. माणसांशी बोलणं मला आपोआप कधी जमलं नाही, म्हणून मी ताईंचं पाहून उचललं. त्यांची मान तिरकी, की माझी तिरकी. त्यांचं "काळजी करू नका हं, होतील बरे," माझंही तेच. लोक म्हणत, काय गोड आहेत दोघी! घरी गेल्यावर मात्र मी तासभर भिंतीकडे तोंड करून बसायची. आई विचारायची, "अगं, तिथे काय दगड फोडतेस?" काय सांगणार?

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही स्वमग्न आहात, म्हणजे ऑटिस्टिक. मला हसूच आलं. स्वतःत मग्न? अहो, मी तर नखशिखांत ताईच होते! मग मी कोण? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात भुणभुणतोय, स्वस्थ बसू देत नाही.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म हवा होता. मी मान तिरकी केली आणि म्हणाले, "काळजी करू नका हं, होतील बऱ्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आजही होतं.

ताईंनी मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत. "तुझं तू काय केलं असतंस?"

"काहीच बोलले नसते. त्यांचा हात थरथरतोय. फॉर्म मीच भरून दिला असता."

"मग जा, भर की."

मी भरला, एक अक्षर न बोलता. जाताना ते म्हणाले, "बरं झालं, नंतर गप्प बसलात."

काल साहेब म्हणाले, "आता ताईंची एक नंबरची खिडकी तुमची. अगदी त्यांच्यासारखी चालवा." साहेब, सगळ्यांदेखत सांगते, ते मला जमणार नाही. मी हसणार नाही, नजरेला नजर देणार नाही. पण कुणाचा हात थरथरतोय ते मला दिसेल, आणि खोटा धीर मी देणार नाही. चालेल का? तुम्ही मान हलवलीत, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळत नाही. तोंडाने सांगा.

'बघू' म्हणताय. बघू म्हणजे नाही, एवढं ताईंनी मला शिकवलंय. म्हणून पुन्हा विचारते, चालेल का?

साहेब 'चालेल' म्हणाले. ऐकलंत ना सगळ्यांनी?

ताई, मी आज मिठी मारणार नाही. मला ती कधीच आवडली नाही, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मारत आले. रडू मात्र येतंय, ते माझं आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात चुका झाल्या असतील, त्या पदरात घ्या. या वेळी त्या कुणाचं पाहून केलेल्या नाहीत.