अर्ध्या कानाचा ससा

एक्स-रेच्या रांगेत माझ्या पुढं बाप-लेक बसले होते. बापाच्या गळ्यात विरलेला टॉवेल होता, त्यावर विणलेल्या कार्टून सशाचा एक कान अर्धाच होता. लेकीनं ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळली होती.

"सिद्धी, कारखान्यात सशाला नवा केलाय म्हणं."

"हो अप्पा. आताच्या पोरांसाठी. डोळे मोठे केलेत, पायात बूट दिलेत."

"आन् कान?"

"दोन्ही सारखे."

"कुठल्या शहाण्यानं केलं ते? चौकटीच्या कागदावर आठ दिवस बसून काढलाय म्या त्यो ससा. तू जन्मलीस तवा. तुझा अर्धा कान बघून तुझी आई लई रडत हुती. म्हटलं, असाच ससा घराघरात गेला तर माझ्या पोरीला कोण हसंल?"

"माहीत आहे."

"मग मालकाला सांग की. तूच तितं कॉम्प्युटरवर डिझाइन करतीस न्हवं?"

"मालकानं डोळे आणि बूट एवढंच सांगितलं होतं, अप्पा."

"मग कान?"

"कान मी केले."

"तू?"

"शाळेत सगळी मला 'टॉवेलवरचा ससा' म्हणायची. प्रत्येकाच्या घरी तो टॉवेल होता."

"मला कदी बोलली न्हाईस."

"तुम्ही रोज विचारायचा, पोरांना आवडतो का गं आपला ससा? एवढ्या खुशीत विचारायचा."

बापाला खोकल्याची उबळ आली. त्यानं सवयीनं टॉवेल तोंडाशी नेला. मग तो गळ्यातून काढला, ससा आत जाईल असा गुंडाळला आणि उघड्या तळहातात खोकत राहिला.