मधपेटीचा गृहप्रवेश

तंजावूरच्या औषधदुकानात रांगेत पुढे मराठी ऐकू आलं, तशी नंदितानं कान टवकारले. सुजलेल्या गालांचा रघोजी आपल्या मामांशी बोलत होता.

"अरे, तोंडाचं हे काय झालं?"

"ओसरीतली मधपेटी नव्या बागेत हलवली, मामा."

"रात्री हलवायची! तेव्हा माशा पेटीत असतात."

"गृहप्रवेश कुणी रात्री करतं का? राहुकाळ टाळून सकाळी दहाला हलवली."

"तेव्हा माशा फुलांवर गेलेल्या असणार!"

"हो ना. परतल्या तर पेटीच नाही. आता ओसरीत ठाण मांडून बसल्यात."

"मग पेटी परत आण, लगेच!"

"राहुकाळ बघितल्याशिवाय?"

"अरे, मग कॅलेंडर बघ!"

"कसं बघू, मामा? सगळ्या त्याच्यावरच तर बसल्यात!"