ताईच्या कमरेचं माप

(आत्याची शिवणकामाची खोली. मशीनवर झाकण. भाचीच्या मांडीवर दवाखान्यातला फॉर्म, हातात पेन्सिल.)

आत्या : सहासष्ट. ताईच्या लग्नाचं साल पक्कं सहासष्ट, कारण मला चौदावं लागलं होतं आणि आईनं पहिल्यांदा माझ्या हातात टेप दिली होती. पण तुझ्या डॉक्टरणीला माझ्या ताईचं काय पडलंय, ते आधी सांग.

भाची : आत्या, तिसऱ्यांदा सांगते. माझी पाळी चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, कंबर वाढत चाललीय. पीसीओएस आहे म्हणाल्या. ते घराण्यातून येऊ शकतं, म्हणून घरातल्या बायकांचं विचारलंय.

आत्या : तुझ्या होणाऱ्या सासूनं तर नाही ना विचारलं?

भाची : माझं लग्नच कुठं ठरलंय?

आत्या : कुळाची चौकशी मी आजवर तेवढ्याच कारणासाठी होताना पाहिलीय, म्हणून म्हटलं. मग आईकडच्यांना विचार की. आमच्या मागं का लागलीस?

भाची : आईकडे कुणाला नाही. बाबांकडूनही येऊ शकतं ते. एकच जनुक नसतं, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. पुरुषी म्हणतात ती संप्रेरकं सगळ्याच बायकांत असतात, ती जरा जास्त होतात. इन्शुलिन नीट काम करत नाही. बाबांना तिशीत टक्कल, चाळिशीत साखर. तेही लिहिलंय मी.

आत्या : दादाचं टक्कल कागदोपत्री लागलं म्हणायचं.

भाची : हसू नकोस. थोरल्या आत्याचं नाव काढलं की बाबा उठून जातात. तिनं केलं तरी काय होतं?

आत्या : कपाटातली निळी वही काढ. खालची. आईकडे शिवायला टाकणाऱ्या सगळ्यांची मापं आहेत त्यात. पेन्सिलीनं लिहायची, अंग बदलतं, खोडता आलं पाहिजे. ताईचं पान बघ.

भाची : कंबर सव्वीस. मग अठ्ठावीस. मग एकतीस. एवढं आठ महिन्यांत?

आत्या : खाणं माझ्याएवढंच होतं तिचं. मानेवर काळा पट्टा उमटला होता. आई मळ समजून घासघासून धुवायची, साल निघायची. म्हणून ताई बंद गळ्याचे झगे शिवून घ्यायची. चिमट्यानं हनुवटी साफ करायची, तेव्हा मी दाराला पाठ लावून उभी राहायचे.

भाची : मानेचाही प्रश्न आहे यात. आणि पाळी?

आत्या : पाच महिने नव्हती. त्याच दिवसांत आमचा रेडिओ बिघडला. दुरुस्तीवाला तरुण होता, तीनदा आला. तिसऱ्यांदा ताईनं त्याला पाणी दिलं आणि त्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसली. पुढच्या आठवड्यात माप घेताना मला म्हणाली, ‘छोटे, अठ्ठावीसच लिही.’ मी एकतीस लिहिलं. खोटं माप लिहायचं नाही, हा आईचाच धडा.

भाची : आणि आजीनं वही पाहिली.

आत्या : पाहिली, आणि बोटांवर महिने मोजले. मला विचारलं, रेडिओवाला कितीदा आला? म्हटलं, तीनदा. दोन्ही आकडे खरे होते गं. बेरीज चुकली.

भाची : डॉक्टरांकडे नाही नेलं?

आत्या : नेलं तर चार लोकांना कळेल, ही भीती. पंधरा दिवसांत लग्न लावलं, लांबच्या गावी, छापखान्यातल्या एका बिजवराशी. ताई एवढंच म्हणत राहिली, ‘आई, तसं काही नाही.’ नऊ महिने उलटले, मूल झालं नाही. तर आई म्हणाली, पाडलं असेल. संशयाचे दिवस कधी भरतच नाहीत बघ.

भाची : आणि तू?

आत्या : मीही तेच धरून बसले. जवळजवळ साठ वर्षं. आज तू हा कागद वाचून दाखवेपर्यंत.

भाची : त्या रेडिओवाल्याचं काय झालं?

आत्या : त्याच्या दुकानाची काच फुटली. त्या दिवशी दादा हाताला फडकं बांधून घरी आला. तुझा बाप उगाच उठून जात नाही. तो माणूस दुकान आवरून गेला, कुठं ते कुणाला कळलं नाही. आई गेली, ताईच्या एकाही पत्राला उत्तर न देता. भाऊजी मात्र भले निघाले. मूलबाळ पुढंही झालं नाही, कधी दिवसच गेले नाहीत. ते गेल्यापासून ताई एकटी असते. साखरेनं डोळे अधू झालेत. मी शिवत राहिले, दुसरं काय.

भाची : तिला फोन लावते. तिचं तिला विचारूनच लिहायला हवं.

आत्या : लाव. मला आधी बोलू दे. पण त्यात गरोदरपणाचं विचारलंय का?

भाची : घरातल्या प्रत्येक बाईपुढं ‘किती वेळा गर्भ राहिला’, असा रकाना आहे.

आत्या : शून्य. ती पेन्सिल ठेव खाली. पेनानं लिही.