कोपराखाली गोंदलेलं नाव

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पायाची पट्टी बदलायला आलेली सुलोचना बाकावर बसली होती. शेजारी कामठीचं एक म्हातारं जोडपं. बाईचा हात स्टोव्हच्या भडक्यात कोपरापर्यंत भाजलेला. ती नवऱ्याला म्हणत होती,

"घरी चाला. मांडीची कातडी मले हातावर नाई लावाची."

"काहून वं? जखम जलमभर उघडी ठेवतं काय?"

"जळक्या कातडीवर तुमच्या नावाची दोन अक्षरं उरली हायेत. डाक्टर तेच काढून टाकते."

"टाकू दे. नवी कातडी येते ना."

"तिच्यावर नाव येईन काय?"

"मी इचारलं डाक्टरले. म्हणे, कातडीले कातडी कशी बनवाची ते ठाऊक असते. गोंदण नाई ठाऊक."

"मोठी शहाणी कातडी!"

"तुह्याच मांडीची हाये."

"हासू नका. लगन झाल्यापासून कोणी नवऱ्याचं नाव इचारलं का मी हातच दाखवत आली."

"आता तोंडानं सांगजो."

"नवऱ्याचं नाव घेतेत काय कोणी!"

"ज्याचं नाव हाये तोच म्हणते, घे."

सुलोचनानं हळूच खिडकीकडे तोंड फिरवलं. मागून बाईचा हळू आवाज आला.

"उदेभान."

"काय म्हटलं वं? अजून एक डाव म्हण."

"आता नाई. आपरेशन होऊन पट्टी सुटली का म्हणीन. हा चांगला हात धरा, अन् चाला आत."